ख्रिस्तपुराणांतील मुक्तिविचार : भावार्थ, पुण्य आणि स्नान

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक आहे तें बहुधा त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांमुळें. वेंच्यांतून त्याच ओव्या पुनःपुन्हा छापल्या जातात, व तेवढ्यावर ग्रंथाचा परिचय झाला असें समजण्याचा प्रघात पडला आहे. एकंदर १०,९६२ ओव्यांच्या ग्रंथाविषयीं ही समजूत बरी नव्हे. सदर ग्रंथ मराठीची थोरवी गाण्यासाठीं लिहिलेला नाहीं. मनुष्य कशानें तरतो, हें साष्टींतील नवख्रिस्ती लोकांस त्यांच्या भाषेंत सांगण्यासाठीं लिहिलेला आहे. विश्वासानें तरतो, सत्कर्मानें तरतो, कीं बाप्तिस्म्याच्या पाण्यानें तरतो, हा त्या काळीं युरोपांत रक्तपात घडविणारा प्रश्न होता. तो मराठींत उतरला तेव्हां त्याचें काय झालें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें असें कीं, याचें उत्तर ग्रंथांतील सिद्धांतापेक्षां शब्दांत अधिक सांपडतें. कोणता शब्द मराठींतून घेतला आणि कोणता पोर्तुगीजच राहूं दिला, यांत त्या धर्मोपदेशकांचें धैर्य आणि भय दोन्ही उमटलीं आहेत.

प्रथम प्रश्नाचें मूळ पाहूं. ख्रिस्ती नव्या करारांतच तीन सूर आहेत. पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत, मनुष्य नियमशास्त्रांतील कर्मांनीं नव्हे तर विश्वासानें नीतिमान ठरतो, असें प्रतिपादन आहे. याकोबाच्या पत्रांत, कर्मावांचून विश्वास निर्जीव होय, असा बजावणीचा सूर आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत पाण्यानें व आत्म्यानें होणाऱ्या नव्या जन्मावांचून देवराज्यांत प्रवेश नाहीं, असा आशय आहे. हे तीन सूर पंधराशें वर्षें कसेबसे एकत्र नांदले. १५१७ नंतर मार्टिन ल्यूथर यानें पहिल्यास अग्रपूजा दिली. १५२२ च्या जर्मन भाषांतरांत पौलाच्या वाक्यांत मुळांत नसलेला 'केवळ' या अर्थाचा शब्द त्यानें घातला, आणि याकोबाच्या पत्राची गणना गवतांत केली. तरी पण तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा ल्यूथरनें सोडला नाहीं. विश्वासानेंच तारण आहे तर ज्यास विश्वास म्हणजे काय हेंही कळत नाहीं त्या मुलावर पाणी कां घालावें, असें ज्यांनीं विचारलें त्यांनीं १५२५ सालीं झुरिच येथें प्रौढांस पुनः बाप्तिस्मा देण्यास आरंभ केला. त्यांपैकीं फेलिक्स मांट्स यास १५२७ च्या जानेवारींत लिमात नदींत बुडवून मारलें. मारणारे पोपचे अनुयायी नव्हते, झुरिचचे सुधारकच होते. पाण्यासाठीं भांडणाऱ्यास पाण्याचीच शिक्षा देण्याची ही कल्पना कोणाची असेल ती असो. वाद किती पेटला होता हें त्यावरून दिसतें.

रोमच्या पक्षाचा निर्णय ट्रेंट येथील धर्मसभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं सहाव्या बैठकींत दिला. या निर्णयाचीं १६ प्रकरणें व ३३ कलमें आहेत. त्यांचा गाभा असा. आरंभ देवाच्या कृपेपासून. ती कोणाच्या पूर्वपुण्याईनें मिळत नाहीं. विश्वास हा तारणाचा आरंभ, पाया व मूळ होय; पण आशा आणि प्रीति त्यास जोडल्यावांचून तो पुरा पडत नाहीं. बाप्तिस्मा हें तारणाचें साधन. त्याच्यावांचून, निदान त्याच्या इच्छेवांचून, पापी मनुष्य नीतिमान होत नाहीं. सत्कर्में हें कृपेचें मोल नव्हे. कृपा मिळाल्यावर तिची जी वाढ होते ती सत्कर्मांच्या योगें. बाप्तिस्म्यानंतर पुनः पतन झालें तर पापनिवेदन, ज्यास जेरोमच्या दृष्टांतास अनुसरून सभेनें फुटलेल्या तारवाची दुसरी फळी म्हटलें. पुढें ३ मार्च रोजीं सातव्या बैठकींत बाप्तिस्म्याविषयीं १४ कलमें झालीं. त्यांतील पहिल्या कलमाप्रमाणें स्नान घालणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यास ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचें सामर्थ्य नव्हतें. हें कलम वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शेवटीं त्याचें काम पडणार आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं आउग्सबुर्ग येथें ल्यूथरपंथीयांनीं व रोमनें संयुक्त निवेदनावर सह्या करून या प्रकरणांतील जुने परस्परनिषेध आजच्या शिकवणीस लागू नाहींत असें मान्य केलें. स्टीफन्स यांच्या काळीं मात्र तो वाद ऐन भरांत होता.

स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडांतील विल्टशायरचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्यांच्या तारुण्यांतच तेथील राजमान्य चर्चचीं ३९ कलमें कायम झालीं, आणि त्यांतील ११ वें कलम केवळ विश्वासानेंच मनुष्य नीतिमान ठरतो असें सांगणारें आहे. म्हणजे ज्या सिद्धांताविरुद्ध ट्रेंटनें निर्णय दिला तो स्टीफन्स यांच्या देशाचा कायदाच होता. ते देश सोडून रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत शिरले, आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंतचीं सुमारें ४० वर्षें त्यांनीं याच प्रांतांत, बहुतेक साष्टींत, घालविलीं. ख्रिस्तपुराण रायतूर येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुनः छापलें. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं.

परंतु गोव्यांतील प्रश्न झुरिचचा नव्हता. तेथें कोणीही पौल आणि याकोब यांत निवड करीत बसला नव्हता. तेथें बाप्तिस्मा ही धर्माइतकीच दिवाणी गोष्ट होती. १५५९ सालच्या राजाज्ञेनें मायबाप व आजेआज्या नसलेलीं हिंदु मुलें सेंट पॉल विद्यालयाच्या पाद्र्यांकडे देऊन त्यांस बाप्तिस्मा देण्याचें ठरलें. १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें. १५६७ च्या गोव्यांतील प्रांतिक धर्मसभेनें बळजबरीनें कोणास ख्रिस्ती करूं नये असा ठराव केला खरा, पण त्याच वर्षीं साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं पांच येशूसंघीयांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं ख्रिस्ती लोकांस ठार केलें. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथें बोलावून मारलें. मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे देह मिळवून त्यांचें दफन करविण्यांत स्टीफन्स यांचा हात होता. त्यांनीं पुढें ३३ वर्षांनीं जो ग्रंथ छापला तो हें सर्व पाहिलेल्या मनुष्याचा आहे, हें विसरून त्याचें वाचन होऊं नये.

बाप्तिस्म्याचा ठसा आत्म्यावरून कधीं पुसत नाहीं, हा कॅथोलिक सिद्धांत. त्याचा गोव्यांतील व्यवहारी अर्थ भयंकर होता. ज्याच्या मस्तकावर एकदां पाणी पडलें तो, मनांत विश्वास असो वा नसो, चर्चचा प्रजाजन झाला. त्यानें घरीं जुना आचार पाळला तर तो हिंदु म्हणून नव्हे, तर पतित ख्रिस्ती म्हणून इन्क्विझिशनपुढें उभा राहणार. १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला म्हणजे, तुळशीपासून लग्नांतील गाण्यांपर्यंत किती आचार दोनशें वर्षांनींही जिवंत होते, तें कळतें. मायदेशांत विश्वास आधीं कीं पाणी आधीं हा पंडितांचा वाद. साष्टींत पाणी बहुधा आधीं पडलें होतें, आणि विश्वास मागाहून आणावयाचा होता. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूंपुढें तक्रार करतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, आतां आम्हीं वाचावें काय? हा प्रसंग आमच्या मतें केवळ काव्यसंकेत नव्हे. पाणी मिळालेल्यांनीं भावार्थ मागितला, असा त्याचा अर्थ आहे.

आतां शब्द पाहूं. विश्वासासाठीं स्टीफन्स यांनीं 'भावार्थ' हा शब्द घेतला, व विश्वास ठेवणाऱ्यास 'भावार्थी' म्हटलें. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत श्रद्धेस आजही भावार्थच म्हणतात. जुन्या मराठींत या शब्दास दोन अंगें आहेत. ज्ञानेश्वरीचें नांव भावार्थदीपिका. एकनाथांच्या अखेरच्या ग्रंथाचें नांव भावार्थरामायण. तेथें तात्पर्य हा अर्थ. दुसरें अंग निष्कपट भक्तीचें, संतांच्या तोंडच्या भोळ्या भावाचें. एकनाथ समाधिस्थ झाले १५९९ सालीं, म्हणजे स्टीफन्स गोव्यांत येऊन वीस वर्षें लोटल्यावर. तेव्हां हा शब्द तेव्हांच्या भक्तिमार्गाच्या भर वापरांतला होता. तो उचलणें हें धैर्य होतें. कारण ट्रेंटच्या भाषेंत विश्वास म्हणजे प्रथम प्रकट झालेल्या सत्यास बुद्धीची मान्यता. आपल्याकडे भाव म्हणजे हृदयाची ओढ, मग ती कोणत्याही दैवताकडे असो. या दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठीं धर्मशिक्षणांत दुसरा शब्दप्रयोग आला: 'सत मानणें'. विश्वासांगीकाराचा पाठ कोंकणींत याच शब्दांनीं चालतो. भावार्थानें हृदय बांधलें आणि सत मानण्यानें बुद्धि बांधली, असें हें जोडकाम आहे, व तें मोठ्या कौशल्याचें आहे असें म्हटल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

कृपेचें काम सोपें होतें. कृपा हा शब्द दोन्ही बाजूंस समजत होता; कोंकणींत तो 'कुर्पा' होऊन राहिला. पुण्याची गोष्ट मात्र तशी नव्हे. पुण्य म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत सांठवण येते: दान, तीर्थ, व्रत यांनीं जोडलेली पुंजी, जी या जन्मीं नाहीं तर पुढील जन्मीं फळते. ट्रेंटला कर्माचें फळ मान्य होतें, एरव्हीं ल्यूथरशीं भांडण कशाचें? परंतु कृपेच्या आधीं कर्मास किंमत नाहीं हेंही मान्य होतें. म्हणून युरोपांत रोमच्या उपदेशकास सत्कर्मांची बाजू घ्यावी लागे, आणि साष्टींत त्याच उपदेशकास सत्कर्मांवरील भरंवसा कमी करावा लागे. तोच सिद्धांत, पण तोल उलट बाजूस! स्टीफन्स यांची दौत्रिना क्रिस्तां, जी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथें छापली गेली, ती मार्कुश जोर्ज याच्या पोर्तुगीज पाठावरून रचलेली आहे. अशा प्रश्नोत्तरी पाठांत आज्ञा, संस्कार व दयेचीं चौदा कृत्यें या सर्वांस स्थान असतें, पण आरंभ होतो तो खुणेपासून व विश्वासांगीकारापासून. क्रमच सिद्धांत सांगतो.

येथवर सर्व शब्द देशी. पण विधीच्या दाराशीं येतांच भाषा बदलते. बावतीझम, कुमसार, मीस, इगर्ज, साक्रामेंत, हे गोव्याच्या ख्रिस्ती बोलींतील शब्द पोर्तुगीजांतून आलेले, आणि ख्रिस्तपुराणाच्या रोमन लिपींतील पाठांतही विधींचीं व संस्थांचीं नांवें बव्हंशीं पोर्तुगीजच आहेत. ज्यानें स्वर्गास बेधडक वैकुंठ म्हटलें, ज्यानें आपल्या ग्रंथास पुराण म्हटलें, त्यास बाप्तिस्म्याला स्नान म्हणणें जड कां जावें? शब्द नव्हता म्हणून नव्हे. तमिळ ख्रिस्ती लोकांत बाप्तिस्म्यास ज्ञानस्नान हें नांव रूढ आहे. रोबेर्तो दि नोबिली १६०६ सालीं मदुरेस गेले व त्यांनीं देशी संस्कृत शब्दांचा मार्ग पत्करला. त्यावर जें वादळ उठलें तें पोप पंधरावे ग्रेगरी यांच्या १६२३ च्या आज्ञापत्रानें तात्पुरतें शमलें. त्यांत जानवें, शेंडी, गंध यांबरोबर स्नानाचाही उल्लेख आहे. शुद्धीची धर्मविषयक कल्पना न ठेवतां स्नान करण्यास मुभा दिली गेली. धर्मशास्त्राच्या इतिहासांत पोपनें अंघोळीस परवानगी दिल्याचें हें उदाहरण थोडें हंसें आणणारें खरें, पण त्यामागील भय खोटें नव्हतें. स्नान म्हटल्यावर येथील मनुष्यास गंगा आठवणार, पर्वकाळ आठवणार. स्नान वारंवार करावयाचें असतें, आणि बाप्तिस्मा जन्मांत एकदांच. स्नानानें आपलें केलेलें पाप जातें. बाप्तिस्म्यानें प्रथम जातें तें आदामापासून वारसानें आलेलें, जें तान्ह्या मुलानें केलेलेंच नाहीं. मदुरेस पोर्तुगीजांचें राज्य नव्हतें, म्हणून तेथें शब्द समजावा लागला. गोव्यांत सत्ता होती, म्हणून शब्द लादतां आला. परंतु सत्तेनें सर्व उलगडा होत नाहीं. सत्ता होतीच तर भावार्थाच्या जागीं पोर्तुगीज शब्द कां लादला नाहीं? मनाच्या गोष्टी मनाच्या भाषेंत सांगाव्या लागतात, आणि विधीची सीमा परक्या शब्दानें स्पष्ट राहते, असा विवेक त्यामागें होता, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथाच्या रचनेंतही एक गोष्ट लक्ष वेधणारी आहे. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू जुन्या कराराच्या कथेचे, दुसऱ्याचे ५९ ख्रिस्तचरित्राचे. नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद यांपैकीं कोणाचाही ख्रिस्ती बाप्तिस्मा झाला नव्हता. चर्चच्या मतें ते तरले ते येणाऱ्या तारकावरील विश्वासानें, व ख्रिस्त येईपर्यंत वाट पाहत राहिले. साष्टींत पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती मनुष्याचे आईबाप पाण्यावांचून मेलेले. फ्रान्सिस झेवियर यांनीं जानेवारी १५५२ च्या पत्रांत लिहून ठेविलें आहे कीं, जपानांतील नवख्रिस्ती लोक आपल्या पूर्वजांस सुटका नाहीं हें ऐकून रडत. साष्टींतलीं घरें याहून निराळीं असतील असें मानण्यास जागा नाहीं. ग्रंथाचा तिसरा हिस्सा आणि वर कांहीं, स्टीफन्स यांनीं बाप्तिस्मा न झालेल्या पण तरलेल्या माणसांच्या कथेस दिला. एवढ्यावरून त्यांच्या मनांत काय होतें हें सिद्ध होत नाहीं. ऐकणाऱ्यांच्या मनांत काय आलें असेल, याचें अनुमान मात्र आम्ही करितों.

स्टीफन्स यांच्यामागून फ्रेंच पाद्री एतिएन द ला क्र्वा यांनीं १६२९ ते १६३४ या काळांत मराठी ओवींत पीटरपुराण प्रसिद्ध केलें. नायक म्हणून त्यांनीं निवडलेला शिष्य कोण, तर ज्यानें गुरूस तीनदां नाकारलें, रडला, आणि पुनः स्वीकारला गेला तो. जेथें पतित ख्रिस्ती म्हणून सुनावणी होण्याचें भय घरोघर होतें, तेथें दुसऱ्या फळीची ही कथा कोणत्या कानांनीं ऐकली गेली असेल!

एकोणिसाव्या शतकांतील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं मराठीची नवी ख्रिस्ती परिभाषा बनविली ती या परंपरेस न विचारतां. भावार्थ गेला, विश्वास आला. मुक्ति मागें पडली, तारण आलें. गंमत अशी कीं, विधीचें नांव येथेंही परकेंच राहिलें. फक्त पोर्तुगीजाच्या जागीं ग्रीक मुळाचा बाप्तिस्मा आला. आपल्या काळांतील मराठी कॅथोलिक लेखनांत स्नानसंस्कार हा शब्द रुळला आहे, म्हणजे स्टीफन्स यांनीं टाळलेलें पाऊल चारशें वर्षांनीं पडलें. प्रॉटेस्टंटांत या प्रश्नाचा खरा पेंच पडला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७ सालीं त्यांनीं देवाचा दरबार काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठीं. १९१९ सालीं ते वारल्यामुळें हा प्रयोग पुढें वाढला नाहीं. पाणी आणि भाव यांची फारकत मराठींत इतक्या उघडपणें दुसऱ्या कोणीं केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि ती करणारा मनुष्य अभंगांत रमलेला होता, हें योगायोगाचें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

शेवटीं हस्तलिखितांविषयीं. जे. एल. सालदान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ख्रिस्तपुराण छापलें तें रोमन लिपींतील प्रतींवरून. पुढें १९२० नंतरच्या दशकांत डॉ. जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत उजेडांत आणली. तींत दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत, आणि रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज शब्द येतात तेथें या प्रतीचा कल संस्कृत शब्दांकडे आहे. देवनागरी पाठच मूळचा व रोमन पाठ छपाईसाठीं केलेला, असें ॲबट यांचें मत होतें. स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी रोमकडे मागितली होती, हें त्या मतास पोषक आहे. तथापि आमचा कल उलट आहे. दौत्रिना क्रिस्तां हीही त्यांचीच कृति. तिच्या परंपरेंत वाढलेल्या लोकांच्या तोंडीं विधींचे पोर्तुगीज शब्द अढळ राहिले. मुळांत स्नान असतें, तर तें साष्टीच्या बोलींतून इतकें साफ पुसलें जाणें कठीण. म्हणून मार्सडेन प्रत ही सत्तेच्या सावलीबाहेरच्या वाचकांसाठीं कोणीं तरी केलेली शब्दशुद्धि असावी, असें आम्ही समजतों.

हा प्रश्न मतानें नव्हे, प्रतींनीं सुटेल, आणि त्यासाठीं संबंध ग्रंथ ताडण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या पुराणांत योहान यार्देन नदींत लोकांस स्नान घालतो तो अवस्वरू पुरे आहे. ट्रेंटच्या पहिल्या कलमाप्रमाणें कवीस तेथें योहानाचें पाणी व ख्रिस्ताचें पाणी वेगळें दाखविणें भागच होतें. एकास स्नान व दुसऱ्यास पोर्तुगीज नांव, असा भेद ज्या प्रतींत असेल ती मूळच्या जवळची. दोहोंस एकच संस्कृत शब्द असेल ती मागाहून सुधारलेली. गोवें, कारवार, मंगळूर येथील जुन्या ख्रिस्ती घरांतून ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाची हस्तलिखित प्रत, मग ती तुटक कां असेना, असेल त्यांनीं त्या अवस्वरूच्या ओव्या जशाच्या तशा उतरून पाठवाव्या, लिपि व कागद कळवावा, आणि त्या शब्दांवर खाडाखोड किंवा निराळी शाई असल्यास तिचा उल्लेख अवश्य करावा.